गटात बसलेल्या शिक्षकाचे काम

महोदय,

२०१९पासून एमबीबीएसच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात लहान गटांतील अध्यापनावर भर आला, याचे मी मनापासून स्वागत करते. पण त्या गटात शिक्षकाने नेमके काय करायचे?

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे. एकदा चर्चेला रुग्ण होता जमिनीवर झोपलेला शेतमजूर. पहाटे पोटदुखी, पापण्या मिटत चाललेल्या, दंशाची खूण नाही. एका मुलीने विचारले, "शुद्धीवर आहे, मग पापण्या का उचलत नाही?" सोन्यासारखा प्रश्न! सहकारी लगेच खडू घेऊन उठले, चेतातंतू आणि स्नायूचा सांधा काढला, मण्यारीचे विष तिथे संदेश कसा अडवते ते सांगून मोकळे झाले. वह्या भरल्या, चर्चा संपली. शेजारच्या गटातले शिक्षक मोबाइलमध्ये होते आणि मुले तासभर पक्षाघाताच्या वाटेने भरकटली. अशा मौनाला स्वयंअध्ययन म्हणू नये. "दोन्ही पापण्या सारख्याच मिटताहेत, मग दोष मेंदूच्या एका बाजूला कसा?" एवढे विचारले असते तरी मुले मार्गी लागली असती.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ साली ही समस्याधारित पद्धत, म्हणजे रुग्णाच्या समस्येवरून मुलांनीच शोधत शिकणे, रुजली ती छोट्या गटांच्या बळावर. आपल्याकडे दीडशे-दोनशेची तुकडी आणि शिक्षक मोजके. निदान प्रत्येक नव्या शिक्षकाच्या गटात एखाद्या अनुभवी सहकाऱ्याने बसावे, नंतर त्याच्याशी मोकळेपणी बोलावे आणि त्यासाठी वेळापत्रकात तास राखावा, ही महाविद्यालयांना विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापिका, मिरज