आई-बाबा, जेडचं झाड आता माझ्याकडेच राहणार

आई, बाबा,

रविवारी रात्री सुखरूप पोचले ते फोनवर सांगितलंच, पण जे बोलायचं होतं ते बोलताच आलं नाही. बाबा नुसतं "बरं, बरं" म्हणाले आणि आईने फोन ठेवता ठेवता "गच्ची अगदी ओकीबोकी दिसतेय गं" म्हटलं, ते चार दिवस डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहायला बसले.

आधी सांगून टाकते, जेड परत येणार नाही. निघताना मी "माती बदलून आणते" म्हणाले ते अर्धंच खरं होतं. जेड, दोन्ही अडेनियम, मोठी जास्वंद आणि नानांच्या घरचं ब्रह्मकमळ, सगळं आता इथे पुण्यातच राहील. हे मी साताऱ्याला यायच्या आधीच ठरवलं होतं, पण तुमच्या समोर उभं राहून सांगायचा धीर झाला नाही. त्याबद्दल खरंच माफ करा.

संक्रांतीच्या आठवड्यात बाबांना जिन्यात चक्कर आली हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं, तेही महिन्याने. तुम्ही लपवलंत म्हणून रागावले नाहीये, मला टेन्शन नको म्हणून लपवलंत हे कळतं मला. पण बाबा, भरलेली बादली 15 लिटरची, म्हणजे 15 किलो, आणि अशा 4 बादल्या रोज सकाळी 19 पायऱ्या चढवायच्या, कारण वरच्या नळाला प्रेशर नाही. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टर वजन उचलू नका म्हणाले तेव्हा मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते ना. आणि खालून पाईप टाकून देते, टाकून देते म्हणत मीच दोन वर्षं घालवली. तो पाईप वेळेवर टाकला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती, हे मला रोज टोचतंय.

जेडचं सांगते, कारण आई, तुझा जीव त्यात अडकलाय. सोमवारी कुंडी आडवी करून कडेने सुरी फिरवली तेव्हा कुठे ते बाहेर निघालं. मुळ्या कुंडीच्या आकारात गोल गोल गुंडाळल्या होत्या, तळाचं भोक पार बुजलेलं, खाली चिखल, आणि तीन-चार मुळ्या तपकिरी, लिबलिबीत, वास येत होता त्यांना. अजून एक पावसाळा निघाला नसता बहुतेक. यात तुमची चूक नाही गं, काळी माती चिकट असते, पाणी धरून ठेवते. आणि दुसरं म्हणजे सकाळी तू तांब्याभर पाणी घालतेस आणि संध्याकाळी बाबा परत घालतात, दोघांनाही वाटतं आज राहिलं असेल. मायेनेच घालता, पण जेडला एवढं पाणी सोसत नाही, ते पानातच साठवून ठेवतं, दिवसाच्या उन्हात पानांची छिद्रं मिटून घेतं आणि रात्री उघडतं, म्हणजे ओल बाहेर जातच नाही फारशी. पान सुरकुतलं तर तहान लागलीय, आणि पिवळं पडून मऊ झालं तर पाणी जास्त झालंय, एवढं बघायचं.

सडकं सगळं कापलं, दोन दिवस सावलीत तसंच सुकू दिलं आणि काल नवीन कुंडीत लावलं. कुंडी मातीचीच आणलीय, प्लास्टिकची नाही, जुनीपेक्षा दोनच इंच मोठी, फार मोठीत माती जास्त राहते आणि ओल सुकत नाही. भोकावर खापरी ठेवली, मातीत जाड वाळू, विटांचे तुकडे आणि थोडं गांडूळखत. आता आठवडाभर पाणी नाही, कापलेल्या मुळ्या आधी भरून येऊ देत. बाल्कनीत सकाळचं ऊन येतं, दुपारी सावली. खरंच छान जागा आहे, फोटो पाठवते.

काल माती कालवताना बाबांची ती हिरवी झारी आठवली, माझ्यासाठी आणलेली, तिचं तोंड तुटलं तेव्हा मी जेवले नव्हते. आणि ब्रह्मकमळ. रात्री अकराला आई उठवायची, गल्लीतल्या सगळ्या जणी हळदकुंकू घेऊन गच्चीवर, आणि मी बाबांच्या खांद्यावर अर्धवट झोपेत, तो वास अजून येतो मला. यंदा कळ्या धरल्या की तुम्हाला न्यायला मी स्वतः गाडी घेऊन येणार, व्हिडिओ कॉलवर भागवायचं नाही.

आता ऐका, आणि दोघांनीही ऐका. गच्चीवर पाणी घेऊन कोणीही जायचं नाही, एक तांब्यासुद्धा नाही. तुळस, मोगरा, गवती चहा, कढीपत्ता सगळं मागच्या पडवीत नळाशी आणून ठेवलंय, बसून पाणी घालता येईल असं, लाकडी स्टूल तिथेच आहे. मातीत बोट दोन पेरं खुपसायचं, ओलं लागलं तर पाणी नाही. मोगऱ्याची छाटणी करून शेणखत घातलंय, एप्रिलमध्ये आईच्या गजऱ्यापुरती फुलं येतील. बाबा ज्याला छोटं जेड म्हणतात, लाल दांडीचं, ते खरं तर जेड नाहीच, पोर्टुलाकारिया नावाचं वेगळंच झाड, दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेची आणि दिसायलाही सारखी. ते तुमच्याकडेच ठेवलंय, कुंडी हलकी आहे आणि त्याला ऊन चांगलं चालतं. पांढरा कापूस दिसला कुठे तर ती मिलीबग कीड, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसायचं. आणि बाबा, बीपीची गोळी आधी, झाडांना पाणी नंतर.

पाणी घातलं की कालनिर्णयवर टिक करा, दुधाचा खाडा लिहिता तसंच, म्हणजे दोनदा होणार नाही.

आई, ओट्यावरच्या खिडकीत पेपरवर जेडच्या दोन फांद्या ठेवल्यात, त्या मी मुद्दाम तुझ्यासाठी कापल्या. लगेच मातीत खुपसू नकोस, रविवारपर्यंत टोक सुकू दे, मग त्या छोट्या लाल कुंड्यांत लाव आणि पुढे आठवडाभर पाणी नाही. एक तुझी, एक बाबांची. कोणतं कोणाचं ते ठरवून मला कळवा.

तुमची,
ताई