नव्या टीव्हीचा अंधार कारखान्यातूनच येतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या खरेदीतले नवे टीव्ही घरोघरी लागले की माझ्या दुकानात एक तक्रार हमखास वाढते. "दादा, टीव्ही नवाकोरा आहे, पण चित्र मधेच काळं पडतं. जरा वेळानं आपोआप उजळतं, पुन्हा काळं पडतं." मी बार्शीत टीव्ही दुरुस्तीचं काम करतो. पिक्चर ट्यूबचे सेट उघडण्यापासून सुरुवात केली, आता पॅनेल आणि बॅकलाइटच्या, म्हणजे पडद्याला मागून उजेड देणाऱ्या दिव्यांच्या, पट्ट्या बदलतो. या तक्रारीतल्या बहुतेक सेटमध्ये बदलण्यासारखं काहीच नसतं. बोर्ड ठीक, पॅनेल ठीक, व्होल्टेज ठीक. बनवणाऱ्यानंच तो सेट आपणहून मंद व्हायला सांगून घरी पाठवलेला असतो आणि ही गोष्ट गिऱ्हाइकाला कुणी सांगितलेली नसते. माझं म्हणणं याच न सांगण्याबद्दल आहे.

आजच्या बऱ्याच टीव्हींच्या खालच्या कडेला, रिमोटचा किरण जिथे पोहोचतो त्याच्या आसपास, एक बारीक काळपट खिडकी असते. तिच्या मागे प्रकाश मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. खोलीत उजेड असेल तर तो बॅकलाइट वाढवतो, अंधार झाला की उतरवतो. कल्पना चांगली आहे, आणि रात्री दिवे मालवून बघणाऱ्याच्या डोळ्यांना त्यानं आरामच मिळतो. पण हा सेन्सर खोलीतला उजेड मोजतो म्हणजे प्रत्यक्षात त्या खिडकीवर पडणारा उजेड मोजतो. आमच्याकडच्या घरांत या दोन गोष्टी एक नसतात.

बार्शीचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यात अकरा वाजल्यापासून खिडक्या बंद, पडदे ओढलेले, दार लोटलेलं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत सेन्सरच्या हिशोबानं रात्र. घरातली म्हातारी माणसं टीव्ही बघतात ती नेमकी याच वेळात. शिवाय टीव्ही ठेवलेला असतो शोकेसमध्ये, वर फळी, फळीला लोंबणारी प्लास्टिकच्या फुलांची माळ. ट्यूबलाइट असते टीव्हीच्याच भिंतीवर, त्याच्या डोक्यावर. तिचा उजेड समोरच्या सोफ्यावर पडतो, सेन्सरच्या खिडकीवर पडत नाही. आणि नव्या वस्तूवरचा प्लास्टिकचा पापुद्रा न काढण्याची सवय तर आहेच. मी स्वतः तो पापुद्रा सोलल्याबरोबर चित्र उजळलेलं पाहिलं आहे. घरमालक जवळ उभे होते, त्यांना वाटलं मी काही जादू केली.

आमच्याच गल्लीतल्या एका आजींची गोष्ट मला विशेष लागली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पिवळट पडलेलं भिंग निघालं की माणसाला सगळं लख्ख, थोडं निळसरसुद्धा दिसायला लागतं, तसं त्यांनाही दिसत होतं. पण मुलानं हौसेनं नवा टीव्ही आणला आणि दुपारच्या मालिकेत आजींना माणसांचे चेहरे ओळखू येईनात. "बाबा, डोळ्यावर पुन्हा पडदा आला वाटतं," असं त्या मला म्हणाल्या तेव्हा मुलगा त्यांना परत सोलापूरला डॉक्टरांकडे न्यायच्या तयारीत होता. मी मोबाईलची बॅटरी लावून त्या काळ्या खिडकीवर धरली. पाच-सहा सेकंदांत चित्र हळूहळू वर आलं. बॅटरी बाजूला केली, चित्र खाली गेलं. तसं दोन-तीनदा करून दाखवलं, मग सेन्सर बंद केला. आजींनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला आणि पडद्यावरच्या बाईच्या साडीचा काठ कोणता ते मला सांगितलं.

वयाचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग दाट आणि पिवळं होत जातं. विशीतल्या डोळ्यात जितका प्रकाश आतल्या पडद्यापर्यंत जातो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीच्या डोळ्यात पोहोचतो. तरण्या माणसाला जो मंदपणा सुखाचा वाटतो तो म्हाताऱ्याला अंधार वाटतो. आणि म्हातारी माणसं तक्रार टीव्हीची करत नाहीत. ती स्वतःच्या डोळ्यांना दोष देतात आणि गप्प बसतात.

आता वाचकांना उपयोगी पडेल ते सांगतो. चित्र आपोआप मंद होण्याची कारणं चार-पाच आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की माणूस गोंधळतो. सेन्सरची परीक्षा वर सांगितली तीच, खिडकीवर बॅटरी धरायची किंवा बोट ठेवून झाकायची आणि थोडं थांबायचं. त्यानं फरक पडला तर मेनूत जाऊन तो बंद करता येतो. सॅमसंगमध्ये तो 'पॉवर अँड एनर्जी सेव्हिंग'मध्ये 'ब्राइटनेस ऑप्टिमायझेशन' या नावानं असतो, शेजारीच 'ब्राइटनेस रिडक्शन' आणि 'मोशन लायटिंग' असतात, तीही बघावीत. एलजीत 'एनर्जी सेव्हिंग' आणि 'एआय ब्राइटनेस' शोधायचं. सोनीत 'लाइट सेन्सर' किंवा 'ॲम्बियंट लाइट सेन्सर' आणि 'पॉवर सेव्हिंग'. वर्षागणिक मेनूची रचना बदलते, पण लक्षात घ्या की ही बटणं पुष्कळदा 'पिक्चर'च्या यादीत नसतात, 'जनरल' किंवा 'सिस्टिम'मध्ये असतात. म्हणून माणूस पिक्चरचे सगळे आकडे वरखाली करून दमतो आणि चित्र होतं तसंच राहतं. मेनूतली बॅकलाइट कमी-जास्त करायची पट्टी करडी दिसत असेल, हलतच नसेल, तर बहुतेक वेळा पॉवर सेव्हिंगनं ती अडवून धरलेली असते.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. खोलीतला उजेड तोच, पण रात्रीचा प्रसंग आला की चित्र आणखी बुडतं, शेवटची नामावली आली की अक्षरंही मंदावतात. हे काम सेन्सरचं नसून 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' किंवा 'लोकल डिमिंग'चं असतं. पडद्यावर काळा भाग जास्त दिसला की सेट बॅकलाइट उतरवतो, म्हणजे काळं जास्त काळं दिसावं. यातली अडचण अशी की तुम्ही तपासायला मेनू उघडला की मेनूच्या उजळ चौकटीमुळे बॅकलाइट वर चढतो आणि सगळं ठीक दिसायला लागतं. मेनू बंद केला की पुन्हा अंधार. गिऱ्हाईक फोनवर सांगतं, "दादा, सेटिंगमध्ये गेलो की बरोबर होतंय." हे वाक्य ऐकलं की मला दोष कुठला ते घरी न जाता कळतं. तिथे डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद किंवा 'लो' करून बघावं.

ओएलईडी सेट असेल, म्हणजे ज्यात मागचा दिवा नसून पडद्याचा प्रत्येक बिंदू स्वतःच पेटतो, तर आणखी एक गोष्ट. एकच चित्र बराच वेळ हललं नाही, उदाहरणार्थ थांबवून ठेवलेली मालिका किंवा संगणकाचा पडदा, तर तो सेट हळूहळू उजेड उतरवतो. पडद्यावर कायमचा डाग बसू नये म्हणून हे केलेलं असतं. सगळा पडदा पांढरा झाला तरी तो थोडा मंदावतो, कारण सगळे बिंदू एकदम पूर्ण तेजानं पेटवणं त्याच्या वीजमर्यादेत बसत नाही. इंटरनेटवर बघून सर्व्हिस मेनूत, म्हणजे कारागिरांसाठीच्या लपवलेल्या मेनूत, घुसून हे बंद करायच्या फंदात कृपया पडू नका. पॅनेलला डाग पडले तर ते पॅनेलच बदलावं लागतं.

आणि एक बारकी गोष्ट, जिच्यामुळे निम्मे लोक माझ्याकडे परत येतात. पिक्चरची सेटिंग बऱ्याच सेटमध्ये प्रत्येक जोडणीसाठी वेगळी साठवली जाते. सेट टॉप बॉक्सचं चित्र तुम्ही नीट केलंत म्हणून ॲपवरचं नीट झालं असं होत नाही. शिवाय ॲपवर एचडीआरमधला, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणाऱ्या प्रकारातला, कार्यक्रम लागला की सेट आपोआप तिसऱ्याच मोडमध्ये जातो, त्याचे आकडे निराळे. तो कार्यक्रम चालू असतानाच मेनू उघडून बदल करावा लागतो. डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचाच एक प्रकार, तो असेल तर 'डार्क' आणि 'ब्राइट' असे दोन पर्याय दिसतात, दिवसा ब्राइट घ्यावा. इथे मी खरं सांगेन, स्वस्त पॅनेलमध्ये एचडीआरला लागणारं तेजच नसतं. खोक्यावर एचडीआर छापलेलं असलं तरी त्या सेटवर असे कार्यक्रम थोडे अंधारेच दिसणार, सेटिंगनं ते पूर्ण सुटत नाही.

एवढं करूनही मंदच असेल, किंवा पडद्याचा एकच कोपरा काळा राहत असेल, तर मात्र बॅकलाइटच्या पट्टीत दोष असू शकतो. चित्र पूर्ण गेलं, आवाज आहे, आणि अंधारात पडद्यावर तिरकी बॅटरी मारल्यावर आत चित्र पुसट हलताना दिसतं, तर बॅकलाइट गेला हे नक्की. ते दुरुस्तीचं काम आहे. पण तिथवर यायच्या आधी बाकीचं बघा. एका गिऱ्हाइकाला कस्टमर केअरनं फोनवर पॅनेल बदलण्याचा खर्च सांगितला होता, तो सेटच्या किमतीच्या जवळ जात होता. त्या सेटमध्ये फक्त एनर्जी सेव्हिंग सर्वांत वरच्या पायरीवर होतं.

वीज वाचवण्याला माझा विरोध नाही, उलट मी लोकांना नेहमी त्याबद्दल सांगतो. हिशोब करून बघू. मंद करून तीस वॉट वाचले असं धरलं आणि टीव्ही रोज पाच तास चालला, तर महिन्याला साडेचार युनिट वाचतात. त्याच घरात पंचाहत्तर वॉटचा जुना पंखा काढून तीस वॉटचा नवीन पंखा लावला आणि तो रोज बारा तास चालला, तर सोळा युनिट वाचतात, आणि कुणाच्या डोळ्यांना त्रास होत नाही. ज्याला साडेचार युनिटही वाचवायची आहेत त्यानं जरूर वाचवावीत. पण ते त्यानं समजून, स्वतः ठरवून करावं.

कारखान्यातून सेट असाच का येतो, याचंही कारण आहे. विजेचा वापर मोजून त्याची वर्गवारी लेबलवर छापायची असते. युरोपात हे मोजमाप सेट कारखान्यातून ज्या सेटिंगवर येतो त्याच सेटिंगवर करतात आणि तिथले नवे नियम 1 मार्च 2021 पासून लागू आहेत. सेट बाहेर पडताना जितका मंद, तितकं लेबल चांगलं. पण तिथे निदान अशी अट आहे की वापरणाऱ्यानं जास्त वीज घेणारं सेटिंग निवडलं तर पडद्यावर तशी सूचना यावी. म्हणजे बटण कुठे आहे आणि त्यानं काय होतं, हे माणसाला कळतं. आपल्याकडेही ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या ताऱ्यांचं लेबल टीव्हीवर असतं. त्या लेबलाखाली एक ओळ छापावी अशी माझी ब्यूरोला विनंती आहे: हा आकडा कोणत्या पिक्चर मोडवर आणि सेन्सर चालू ठेवून मोजला की बंद ठेवून.

दुसरी मागणी विक्रेते आणि कंपन्यांकडे. पूर्वी सेट घरी पोचवायला गेलो की आम्ही दूरदर्शनच्या रंगपट्ट्या लावून ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कलर घरच्या माणसांसमोर बसवून द्यायचो आणि कोणता नॉब कशाचा ते दाखवायचो. ते कामातच धरलेलं असायचं. आता इन्स्टॉलेशनला येणारी मुलं भिंतीला चार भोकं पाडतात, वाय-फाय जोडतात, मोबाईलवर ओटीपी घेतात आणि पुढच्या घरी पळतात. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना एका दिवसात किती घरं उरकायची असतात ते मला माहीत आहे. म्हणून ही गोष्ट त्यांच्या कामाच्या यादीत लेखी घातली पाहिजे. टीव्ही ज्या जागी कायम राहणार त्या जागी, घरात सर्वांत जास्त टीव्ही बघणाऱ्या माणसाला समोर बसवून, सेन्सर आणि पॉवर सेव्हिंग कुठे आहे ते दाखवायचं, त्याच्या पसंतीनं लावायचं आणि मगच ओटीपी घ्यायचा.

वाचकांनीही तो ओटीपी लगेच देऊ नये. नवीन सेट लागला की दुपारी पडदे ओढून एकदा आणि रात्री दिवे लावून एकदा बघावं. काही अडलं तर बिल आणि मॉडेल नंबर हाताशी ठेवून कंपनीला लेखी विचारावं. उत्तर मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार वस्तूचा दर्जा आणि मानक यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि माझ्या मते नवा टीव्ही दुपारी अंधारा का होतो ही माहितीही त्यातच येते.

आपला,
एक टीव्ही दुरुस्ती कारागीर,
बार्शी, जि. सोलापूर