इटलीची मुलं येतायत, त्यांना हॉटेलात ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत शिकवते. गेल्या मे महिन्यात स्टुडंट एक्स्चेंजसाठी आमच्या शाळेची 12 मुलं घेऊन मी इटलीत, फ्लोरेन्सला गेले होते. व्हिसासाठी आईवडील दोघांच्या सह्या, 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स, ही सगळी धावपळ पालकांनी हौसेनं केली, त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

पहिल्या संध्याकाळी तिथल्या शाळेच्या आवारात मुलांना न्यायला घरची माणसं आली होती. एक आजी हातात कागद धरून उभ्या होत्या, त्यावर आमच्या नववीतल्या पोराचं नाव देवनागरीत, कुठूनतरी बघून काढलेलं, वेलांटी उलटी. त्यांनी त्याची बॅग त्याला उचलूच दिली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तर तिसरा मजला, लिफ्ट नाही, घर लहानच, आणि नातवानं आपला पलंग आमच्या पोराला देऊन स्वतः खाली गादी टाकलेली. पोरगा अंडंही खात नाही म्हटल्यावर आजी पास्त्याचं प्रत्येक पाकीट चष्मा लावून वाचत होत्या. इकडं सकाळचे सहा म्हणजे तिकडं रात्रीचे अडीच, तेव्हा मला इथल्या आयांचे फोन यायचे, मॅडम जेवला का हो तो, आणि मी खात्रीनं सांगायचे, पोटभर जेवलाय, काळजी करू नका.

एक दिवस त्याच घरातली मुलं आम्हाला काशिने पार्कात घेऊन गेली. शाहू महाराजांच्या आधीचे आपले कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लोरेन्समध्ये वारले, वय अवघं 20. याच पार्कात, आर्नो आणि मुन्योने नद्या मिळतात तिथं नदीकाठी त्यांना अग्नी दिला, मग 1874 मध्ये तिथं छत्री उभी राहिली, तिचं डिझाईन मँट साहेबांचं, म्हणजे ज्यांनी आपला न्यू पॅलेस बांधला तेच. शेजारच्या पुलाचं नावसुद्धा 'इंडियानो'. आमच्या पोरांनी कुणी न सांगता बूट काढले, ते बघून तिथल्या मुलांनीही काढले.

आता डिसेंबरात ती मुलं आपल्याकडं येणार आहेत, तीही 12. आम्ही पालकांना विचारलं, कोण ठेवून घेणार, तर तीन घरं तयार झाली, फक्त तीन. बाकीचे म्हणतात घर लहान आहे, बाथरूम इंडियन आहे, एसी नाही, त्यांना आपलं तिखट कसं चालणार, त्यापेक्षा हॉटेल बुक करा आम्ही वर्गणी देतो. पैसे द्यायला लोक तयार आहेत हे मला मान्य आहे, पण याला एक्स्चेंज कसं म्हणायचं? पै-पाहुणा आला की रातोरात चुलीवर पांढरा रस्सा चढवणारं गाव आहे हे, आणि त्या आजीच्या नातवाला आपण हॉटेलात झोपवायचं? मला हे खरंच लागलंय.

वेगळी खोली नको, एक गादी आणि एक पांघरूण पुरे. तिखटाचं मी आधीच कळवलंय, दूध-भात, थालीपीठ, दही काहीही चालेल. अजून नऊ घरं हवीत, आणि नाव द्यायला माझ्याच शाळेतले पालक असायला पाहिजेत असंही नाही, शेजारच्या शाळेतल्या कुणाला वाटलं तर त्यांनीही जरूर कळवावं.

आपली नम्र,
एक शिक्षिका, कोल्हापूर