यंदाच्या थंडीबद्दल सुधीरला

येळ्ळूर, ता. जि. बेळगाव
गुरुवार, २ नोव्हेंबर २०२३

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलास, यंदा थंडी कशी पडेल आणि पोरांना हुरड्याला कधी आणू? तुझ्या ओढ्याकडच्या तुकड्यात काय पेरायचं तेही विचारलास. दोन्हीचं उत्तर एकच आहे, पण ते फोनवर दोन वाक्यांत बसणारं नव्हतं. म्हणून आज निवांत लिहायला बसलो.

आधी माझा अंदाज सांगून टाकतो. यंदा थंडी उशिरा येणार, सलग न येता तुकड्यातुकड्यांनी येणार, आणि मधले दिवस ढगाळ जाणार. दिवाळीला थंडी असेल या आशेवर राहू नकोस. पोरांना संक्रांत धरून घेऊन ये. तोवर शाळूची कणसंही हुरड्याला आलेली असतील.

तात्यांना हे पटत नाही. पारावर रोज वाद चाललाय. त्यांचं म्हणणं, ‘बहात्तरच्या दुष्काळात हाडं गोठवणारी थंडी होती. पाऊस कमी तिथं थंडी जास्त.’ त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे बरं. कोरडी माती दिवसा लवकर तापते आणि रात्री लवकर निवते. हवेत दमटपणा नसला की जमिनीची ऊब थेट वर निघून जाते. आणि यंदा मातीत ओल कुठं आहे? जूनमध्ये बिपरजॉय वादळानं सगळं वेळापत्रक मागं ढकललं, केरळातच पाऊस ८ जूनला पोचला. धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेल्यांचं भात उगवून करपायला लागलं. जुलैत कणकुंबी-जांबोटीकडं कोसळला, आणि ऑगस्टनं पाठ फिरवली. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभर इतका कोरडा ऑगस्ट नाही, सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. सप्टेंबरात कर्नाटक सरकारनं १९५ तालुके दुष्काळी जाहीर केले. भाताच्या लोंब्या तू बघितल्यास तर तुला वाईट वाटेल. दाणा भरतानाच पाणी तुटलं, निम्म्या लोंब्या पोकळ आहेत.

तर तात्यांच्या हिशेबानं कडाका पडायला हवा. पण मर्दा, माती कोरडी असून भागत नाही, वरचं आभाळही मोकळं लागतं. आपल्याकडची थंडी म्हणजे काय? हिमालयाच्या बाजूला पश्चिमेकडून आलेलं वादळी वातावरण पुढं सरकलं, की त्याच्यामागून उत्तरेचं कोरडं वारं खाली उतरतं. मध्य भारतावरून, विदर्भ-मराठवाड्यावरून ते आपल्यापर्यंत येता येता त्याची धार बरीच बोथट होते. उरलेलं काम आपलं पठार करतं. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, रात्र मोठी, आभाळ निरभ्र, वारा पडलेला, मग पहाटेपर्यंत पारा खाली उतरतो. डिसेंबर-जानेवारीत आपली किमान तापमानाची सरासरी १४ अंशांच्या आसपास असते. पण ढग आले की रात्रीवर वाकळ घातल्यासारखं होतं, दिवसाची ऊब खालीच कोंडून राहते. खाली माती कितीही कोरडी असो.

आणि यंदा ढग येणार, असं मला वाटतं. त्याचं कारण समुद्र.

एल निनोबद्दल तू वाचलंच असशील. प्रशांत महासागराचं मधलं आणि पूर्वेकडचं पाणी तापलंय. जूनमध्येच अमेरिकेच्या हवामान संस्थेनं तसं जाहीर केलं होतं. आपल्याकडं सगळे एल निनोच्या नावानं ऑगस्टचा हिशेब मांडतात आणि तिथंच थांबतात. थंडीच्या दृष्टीनं मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हिंदी महासागराचं पश्चिमेकडचं, आफ्रिकेच्या बाजूचं पाणी सध्या पूर्वेकडच्या पाण्यापेक्षा गरम आहे. २०१९ आठव. ऑगस्टच्या महापुरानं पिकं गेली, आणि वर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात क्यार आणि महा अशी लागोपाठ वादळं उठली. तेव्हाही हिंदी महासागराचं हेच होतं. यंदाही आत्ता दसऱ्याच्या आठवड्यात अरबी समुद्रात तेज आणि बंगालच्या उपसागरात हामून, दोन्ही एकाच वेळी. तेज येमेनला गेलं, हामून बांगलादेशाला, आपल्याला थेंब मिळाला नाही. पण दोन्हीकडचे समुद्र जागे आहेत, हे त्यातून दिसलं. अशा सालात तामिळनाडू-केरळकडचा परतीनंतरचा पाऊस बहुतेक चांगला होतो, आणि त्याची शेपूट आपल्यापर्यंत येते. पाऊस दोन-तीन सरींचा, पण आभाळ चार-पाच दिवस भरलेलं. त्यात भर म्हणून परवा ३१ तारखेला हवामान खात्यानं नोव्हेंबरचा अंदाज दिला. देशाच्या बहुतेक भागात रात्रीचं तापमान सरासरीच्या वर राहील असं त्यांचं म्हणणं आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज महिनाअखेरीला येईल, तो मी तुला कळवीन.

कोजागिरीला ग्रहण होतं, म्हणून दूध लवकरच आटपलं. रात्री एकनंतर ग्रहण लागलं तेव्हा आम्ही गच्चीवर होतो. ऑक्टोबरच्या शेवटी त्या वेळेला शाल लागायला हवी, अंगावर सुती शर्ट पुरत होता. चंद्राभोवती पांढुरका थर होता. काल पहिल्या तारखेच्या काळ्या दिनाच्या फेरीतही लोकांचे शर्ट पाठीला चिकटलेले.

दिवाळीचं म्हणशील, तर लोक तिथीवर थंडी मोजतात आणि तिथं गफलत होते. गेल्या वर्षी पहिली आंघोळ २४ ऑक्टोबरला होती. यंदा अधिक श्रावणामुळं ती १२ नोव्हेंबरला आली आहे. म्हणजे कॅलेंडरच्या हिशेबानं यंदा उटणं लावताना हुडहुडी भरायलाच पाहिजे. भरली नाही, तर माझा अंदाज आणखी पक्का समज. आणि भरलीच, तरी त्या दोन-चार पहाटांवर विसंबून काही ठरवू नकोस.

आता शेताचं. इथं मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण थंडी कमी-जास्त झाल्यानं तुम्हा पुण्याच्या लोकांचा एक स्वेटर कपाटात राहतो, इथं आमचं अर्धं साल जातं. येळ्ळूर-वडगाव-शहापूरच्या काळ्या शिवारात भात निघालं की मसूर, हरभरा, वाटाणा पडतो. त्याला वरून पाणी देत नाही कोणी. भाताखालची उरलेली ओल आणि पहाटेचं दहिवर, एवढ्यावर ते पीक उभं राहतं. यंदा ओल आधीच कमी. त्यात थंडी नाही, म्हणजे दहिवर नाही, आणि दुपारचं ऊन उरलेली ओल ओढून घेणार.

तुला आठवतं का, आपल्या लहानपणी आई पहाटे हरभऱ्यात पांढरं फडकं अंथरायची? पानांवरची आंब दहिवरात विरघळून फडक्यात उतरायची. उजाडायच्या आत ते फडकं उचलून पिळायचं, आंबट पाणी बाटलीत भरून ठेवायचं, पोटदुखीवर चमचाभर. तुझी जीभ चुरचुरली होती आणि तू फडक्याचा कोपरा तरीही चोखत होतास. ती आंब चांगल्या थंडीत, निरभ्र रात्री धरते. एक अवकाळी सर आली की धुऊन जाते. आता फडकी अंथरणारं कोणी राहिलं नाही, पण मी अजून जानेवारीत हरभऱ्याचं पान जिभेवर ठेवून बघतो. पान खारट-आंबट लागलं की थंडी पिकाला पोचली, असं मी समजतो.

ढगाळ हवेत काय होतं तेही सांगतो. शाळूवर मावा पडतो. पोंग्यातलं पान उघडून बघितलंस तर आत हिरवट-पिवळ्या किड्यांचा थर, आणि खालच्या पानांवर चिकटा, हाताला गुळाच्या पाकासारखा लागतो. चार दिवसांनी त्यावर काळी बुरशी चढते, मग तो कडबा जनावरंही नाखुशीनं खातात. हरभऱ्याला घाटेअळी. जांबोटीकडच्या आपल्या पाहुण्यांच्या काजूला आत्ता नवी पालवी फुटत आहे. मोहर येतानाच ढग राहिले की ढेकण्या किडा कोवळे शेंडे टोचून काळे करतो, मग फवारणीवर फवारणी. अथणीकडं द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झालेली आहे, त्या लोकांना तर आत्ता एकही पाऊस नको आहे. डावणीची बुरशी एकदा घडावर गेली की हातात काही राहत नाही.

तात्या म्हणतात, ‘पडल्या स्वाती, तर पिकतील मोती.’ स्वाती ६ तारखेपर्यंत आहे. पडली तर शाळूला सोनं आहे, खरंच. पण त्याच दिवशी कापून पसरलेलं भात शेतात असेल तर कोंब येतील. एकाच सरीनं एका बांधावर हसू आणि पलीकडं रडू, असं होणार आहे. म्हणून मी ठरवलंय की भात एकदम आडवं करायचं नाही. माणसं मिळतील तेवढंच कापायचं, मळणी लगेच उरकायची, आणि ताडपत्री शेतातच ठेवायची. तुझ्या भातालाही हेच लावतो, चालेल ना?

तुझ्या तुकड्याबद्दल माझं मत: सगळ्यात मसूर नको. मसूर आपल्या शिवाराची शान आहे, माझा तिच्यावर जीव आहे हे तू जाणतोस, पण तिची मुळं वरच राहतात आणि फुलोऱ्यात तिला गार रात्री लागतात. ओढ्याला लागून जी चिबड पट्टी आहे, जिथं ओल टिकते, तिथं मसूर करू. वरच्या अंगाला हरभरा. त्याचं मूळ खोल जातं, कोरड्यात तग धरतो, ऊबही मसुरीपेक्षा जास्त सोसतो. हरभऱ्यात मूठ-मूठ जोंधळा विस्कटून टाकू, ताटं वर आली की पाखरं बसतात आणि अळ्या वेचतात. निंबोळीचा अर्क मी घरी करतोच. आणि पेरणीला उशीर करायचा नाही. भात निघालं की वाफसा बघून चार-सहा दिवसांत बी जमिनीत गेलं पाहिजे. थंडीची वाट बघत ओल घालवण्यात अर्थ नाही.

उसाचं थोडक्यात लिहितो. गार, कोरड्या रात्री मिळाल्या की उसात साखर भरते, कारखान्यांचा उतारा वाढतो. यंदा ऊस आधीच खुजा आहे, त्यात रात्री उबदार राहिल्या तर वजनही नाही आणि उताराही नाही. पण एक गोष्ट मनाला बरी वाटते. बीडकडची तोडणीची माणसं आली आहेत, ओढ्यापलीकडं पाचटाच्या खोपी उभ्या राहिल्या. त्यात तान्ही पोरं आहेत. पहाटे तीनला ही माणसं बैलगाडी जुंपतात. थंडी कमी पडली तर त्या पोरांचं बरं होईल, आणि त्यासाठी माझ्या मसुरीचे चार दाणे कमी आले तर मी कुरकुर करणार नाही.

काकींची काळजी मात्र आहे. त्यांचा दमा कडाक्याच्या थंडीपेक्षा हवामानाच्या उलटसुलट बदलाला जास्त उठतो, हे तूही पाहिलंस. दोन दिवस ढग, मग एकाएकी निरभ्र रात्र आणि गारठा, असं यंदा वारंवार होईल असं वाटतं. त्यातून गार रात्री धूर वर चढत नाही, चुलीचा, पाचटाचा, वीटभट्टीचा सगळा गावावरच बसून राहतो. मी त्यांना पहाटे अंगणात सडा घालायला जाऊ नका म्हणून सांगितलंय, ऐकत नाहीत. तू फोनवर सांग, तुझं ऐकतील. पंपाचं औषध संपत आलंय, येताना घेऊन ये किंवा कुणाबरोबर धाडून दे.

खरी थंडी कधी, असं विचारशील तर मी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या पुनवेवर बोट ठेवीन. ती यंदा २६ डिसेंबरला आहे. तोपर्यंत समुद्र थोडे निवलेले असतील, उत्तरेचं वारं सलग वाहायला लागेल. त्या सुमाराला एक चांगला आठवडा, मग संक्रांतीच्या आसपास दुसरा. फेब्रुवारीत लवकर ऊन चढेल. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणतात, यंदा ती होळीपर्यंत थांबेल असं मला वाटत नाही. राजहंसगडावर पहाटे चढायचं तुझ्या पोरानं मनात धरलंय ना? ते जानेवारीतच जमव. गडावरून खाली शिवारात धुकं साचलेलं दिसलं तर त्याचे डोळे निवतील.

शनिवारी बाजाराला बेळगावात जाणार आहे, येताना रयत संपर्क केंद्रातून हरभऱ्याचं बी आणीन. मसुरीचं घरचं आहे, कणगीत राख लावून ठेवलेलं. तुझ्या तुकड्यात मी लिहिलंय तसं चालेल का, ते शुक्रवारी रात्रीपर्यंत फोन करून सांग. तुझा हिशेब वेगळा असेल तर तोही सांग, तुकडा तुझा आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळू