गच्चीवरच्या टॉवरची सूचना पालिकेला कधी दिलीत?

प्रति,
अपील अधिकारी, ग्राहक तक्रार विभाग

विषय : गच्चीवरील तुमच्या मोबाइल टॉवरबाबत पालिकेला दिलेली सूचना व स्ट्रक्चरल दाखला मिळण्याबाबत

काल तुमच्या कॉल सेंटरने माझी तक्रार सहाव्यांदा बंद केली. म्हणून हे पत्र.

मी एकच विचारतेय. टॉवर चढवण्याआधी तुम्ही पालिकेला लेखी कळवलं होतं का, आणि इमारत तो भार पेलेल असा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला सोबत जोडला होता का? टॉवर एप्रिल 2023 मध्ये उभा राहिला. तेव्हा टॉवर, तारा उभारण्याबाबतचे 2016 चे राइट ऑफ वे नियम ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीसह लागू होते. त्या दुरुस्तीने खासगी इमारतीसाठी पालिकेची परवानगी घ्यायची अटच काढून टाकली. पालिकेच्या हाती उरलं ते एवढंच : कामाआधी सूचना आणि तो दाखला. तेवढंही जड झालं? 1 जानेवारी 2025 पासून नवे नियम आले, हे मला ऐकवू नका; टॉवर त्याआधीचा आहे. माहिती अधिकारात पालिकेने लेखी उत्तर दिलंय, अशी सूचना त्यांच्या दप्तरी नाही.

काल हेच सांगितलं. उत्तर आलं, "मॅडम, रेडिएशन मर्यादेत आहे." म्हटलं, रेडिएशनचं मी विचारलेलंच नाही. ती मर्यादा 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे आणि तिची तपासणी दूरसंचार विभाग करतो, हे मला ठाऊक आहे. मी स्लॅबबद्दल बोलतेय. पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या बाईंनी माझाच नंबर तपासला आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे तर फुल रेंज आहे, मग तक्रार कसली?" छताला तडा गेलाय म्हणून सांगणाऱ्या माणसाला हे उत्तर? फोन ठेवते न ठेवते तोच मेसेज : आपल्या समस्येचे निराकरण झाले आहे.

कसलं निराकरण? टॉवरचा जनरेटर सुरू झाला की मांडणीवरची भांडी थरथरतात. टॉवरच्या पायाचे बोल्ट स्लॅबमध्ये जिथे गेलेत, बरोबर त्याखाली आईच्या खोलीत बोटभर तडा होता. या पावसाळ्यात तो भिंतीपर्यंत आला आणि आता ठिबकतोय. आईचा पलंग आम्ही बाहेरच्या खोलीत आणलाय. तुमचा माणूस येऊन मोबाइलवर फोटो काढून गेला, तो परत फिरकला नाही. सोसायटीशी करार आहे, हेही सांगू नका. सोसायटीने जागा भाड्याने दिली. इमारत किती भार पेलेल हे सोसायटी ठरवू शकत नाही.

घरातले चारही नंबर 14 वर्षं तुमच्याकडे आहेत. इतकी वर्षं तुमच्यावर भरवसा ठेवला, याचं वाईट वाटतं.

पालिकेच्या पोचेसह सूचनेची प्रत आणि इंजिनिअरचा दाखला, दोन्ही 7 दिवसांत हवेत. नसतील तर नाहीत असं लिहून द्या. ते पत्र घेऊन मी स्वतः आयुक्तांकडे आणि दूरसंचार विभागाकडे जाईन, आणि चारही नंबर त्याच दिवशी पोर्ट करीन. तोवर जनरेटर बंद ठेवा. कॉल सेंटरचा फोन आता मी उचलणार नाही, उत्तर लेखीच द्या.

आपली ग्राहक,
वरचा मजला, टॉवरखालचं घर