मंत्रीसाहेब, आम्ही वेगळा केलेला कचरा तुमच्या गाडीने एकत्र करून जाळला

मा. मंत्रीमहोदय, सप्रेम नमस्कार.

मागच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, तुम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात, आमच्या पॅरिशमध्ये आला होता. मिस्सेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) मांडवात शाल-श्रीफळ झालं आणि तुम्ही माईकवर सांगितलंत की इथल्या बायकांनी कचऱ्याचं जे काम केलंय ते अख्ख्या जिल्ह्याने बघावं, महिन्याभरात सुक्या कचऱ्याला शेड देतो आणि दर आठवड्याला वेगळी गाडी लावतो. आम्ही टाळ्या वाजवल्या. शेड झालं नाही, गाडी आली नाही, तेही आम्ही धरून बसलो नव्हतो. पण परवा शुक्रवारी जे झालं त्यानंतर गप्प बसवेना.

चर्चच्या मागे पत्र्याखाली साठवलेला सुका कचरा न्यायला एकदाचा ट्रॅक्टर आला. दुधाच्या पिशव्या धुवून, दोरीवर वाळवून गठ्ठे केलेले, बाटल्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा, डायपर आणि औषधाच्या बाटल्या लाल खूण केलेल्या पोत्यात. ट्रॅक्टरमध्ये आधीच बाजारातली कुजकी भाजी आणि कोंबडीच्या दुकानातली आतडी होती, त्याच्यावरच सगळं ओतलं. मी ओरडले तर ड्रायव्हर म्हणतो, बाई मला काय विचारूलासा, वरनं सांगतात तसं करूलोय. त्याचा काय दोष? तो ट्रॅक्टर मलप्रभा नदीच्या काठाला, आमचं पाणी उपसतात त्या जॅकवेलच्या वरच्या अंगाला रिकामा झाला आणि रात्री त्याला काडी लावली.

माझ्या सासूबाईंना दमा आहे. मध्यरात्री घरात धूर भरला, खिडक्या लावल्या तर गुदमरायला होतंय आणि उघडल्या तर जळक्या प्लास्टिकचा वास. दम्याच्या औषधाची वाफ द्यायचा नेब्युलायझर लावायला गेले तर लाईट गेलेली. मालकांनी रिक्षा काढली आणि बेळगावपर्यंतचा तो खड्ड्यांचा रस्ता मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन काढला, त्या श्वास ओढत होत्या आणि मी जपमाळ. आता ऑक्सिजन काढलाय, पण बिल भरायला सोसायटीकडून उचल घ्यावी लागली. ज्या पिशव्या मी स्वतःच्या हातांनी धुतल्या त्यांचाच धूर त्यांच्या छातीत गेला, हे मी कुणाला सांगू साहेब?

तुम्हाला वाटेल हे काय हौशी बायकांचं काम. पोप फ्रान्सिसनी 2015 ला पर्यावरणावर परिपत्रक काढलं, त्यात कचरा वेगळा करणं, प्लास्टिक टाळणं, लागेल तेवढंच शिजवणं असली रोजची कामंच भक्तीत धरली. दरवर्षी 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, आपल्या चर्चमध्ये सृष्टीसाठी प्रार्थना असते, तिथून आम्ही सुरू केलं. महिला मंडळाने स्टीलची ताटं घेतली, लग्न असो की महिन्याची मिस्सा, थर्माकोलची प्लेट आता मांडवात येत नाही. नाताळचा गोठा गवत आणि मातीचा. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरींवर लावलेल्या मेणबत्त्यांचं उरलेलं मेण कॅटेकिझमची, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गातली पोरं खरवडून आणतात आणि त्याच्या परत मेणबत्त्या होतात. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या तर पहिल्यापासूनच पुढच्या वर्षी जाळून त्यांची राख राखेच्या बुधवारला कपाळाला लावतात, आमच्यात टाकायची रीतच नाही. हे बघून मराठा गल्लीतल्या बायका पण आल्या, त्यांनी गणपतीत निर्माल्याला वेगळं पिंप ठेवलं. गावाने गावाचं काम केलं, तुमच्याकडनं फक्त एक गाडी पाहिजे होती.

आणि हे आम्ही उपकार म्हणून मागत नाही. ओला, सुका, घातक असा कचरा वेगळाच ठेवायचा हे 2016 च्या घनकचरा नियमांतच सांगितलं होतं. उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर 25,000 रुपये दंड, हे राष्ट्रीय हरित लवादाने त्याच वर्षी सांगितलंय. मग परवाचा दंड कोण भरणार? गरिबाने पाला जाळला की नोटीस, आणि सरकारी ट्रॅक्टरने नदीकाठ जाळला तर कुणाचं नाव नाही. केंद्रीय प्रदूषण मंडळाने 2018 ला देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे काढले, त्यात कर्नाटकातले 17, आणि त्यात आमची मलप्रभा! कणकुंबीला उगम पावते ती, अजून आमच्या तालुक्यातनं बाहेरसुद्धा पडली नाही तोवर तिची ही गत. पुढे हेच पाणी नविलुतीर्थ धरणातून हुबळी-धारवाडला प्यायला जातं.

गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादई नदीचं पाणी मलप्रभेत वळवायला तुम्ही सगळे पक्ष एक होता, म्हादई पाणीतंटा लवादाने 3.9 टीएमसी (अब्ज घनफूट) दिलं म्हणून फटाके, मोर्चे, दिल्ली वाऱ्या. आहे त्या नदीत कचरा पडतो त्याच्यासाठी एक माणूस बेंगळुरूहून येत नाही. डिसेंबरमध्ये बेळगावच्या विधानभवनात, सुवर्णसौधला, अधिवेशन भरतं, तेवढे दिवस बेळगावचे रस्ते झाडून चकाचक, नंतर आम्ही आहोत आणि आमचा धूर आहे. मी तक्रारीचा अर्ज मराठीत दिला तर टेबलावरनं परत ढकलला, कन्नडमध्ये आणा म्हणे. जिथे 15 टक्के भाषिक अल्पसंख्याक आहेत तिथे त्यांच्या भाषेत कागद द्यायचा नियम आहे ना? मत मागायला घरी येता तेव्हा तुमची पत्रकं मराठीत असतात, ती आम्हाला वाचता येतात. तक्रार मात्र तुम्हाला वाचता येत नाही. सत्तर वर्षं झाली, सीमाभाग कुणाचा यावर भांडणं चालूच आहेत, पण इथल्या माणसाचा श्वास कुणाचा हे दोन्ही राज्यांत कुणी विचारत नाही.

दोन कप्प्यांची गाडी द्या. नदीकाठचा ढीग उचला, आणि तो कुणाच्या सांगण्यावरून पेटवला ते लेखी कळवा, मराठीत. येत्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही आठवड्याचा सुका कचरा घेऊन तालुक्याच्या ऑफिससमोर बसणार आहोत, मराठा गल्लीतल्या बायका पण आहेत, मुसलमान मोहल्ल्यातल्याही येतो म्हणाल्यात. गाडी त्याआधी आली तर गठ्ठे बांधून तयार आहेत.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक मतदार