परराष्ट्रमंत्र्यांना खुलं पत्र: उचल कुणाची, फड कुणाचा, मेलं कोण

दि. ९ फेब्रुवारी २०२६

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांस,

स.न.वि.वि.

महोदय,

गेल्या आठवड्यात एका सरकारी कार्यालयातून मला पत्र आलं. ‘संबंधित आस्थापनेशी संपर्क होऊ शकत नसल्याने आपले प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.’ म्हणजे फाइल बंद. खाली सही, सहीवर शिक्का. कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही, तिथल्या कारकुनाला माझ्यामुळे त्रास नको. पण प्रकरण कशाचं होतं ते आपल्याला कळावं: सुदानमध्ये अडकलेल्या माझ्या पगाराचं. अर्ज-विनंत्या करून झाल्या, म्हणून आता उघड लिहितो.

मी पॅनमन. साखर कारखान्यात रस आटवून दाणा धरणारा माणूस. गाव वाळवा तालुक्यात, नोकरी सुदानमध्ये, पांढऱ्या नाईलच्या काठच्या एका साखर कारखान्यात. सांगली-कोल्हापूरकडची या धंद्यातली बरीच माणसं तिकडे होती, हे आपल्या खात्याला ठाऊक आहे. १५ एप्रिल २०२३ ला खार्तुममध्ये सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले, तेव्हा ऑपरेशन कावेरीत ३,८६२ भारतीय बाहेर काढले गेले. त्यात मी होतो. रबकहून मदनी, गदारिफ, कसला करत बसने पोर्ट सुदान, तिथून नौदलाच्या जहाजाने जेद्दा, जेद्दाहून विमान. जहाजावरच्या पोरांनी आम्हाला बसायला जागा करून दिली, चहा दिला. त्याबद्दल सरकारचे मनापासून आभार. आभार आत्ताच मानून घेतो, कारण पुढे लिहिताना हा सूर टिकेल याची खात्री नाही.

जीव आला, पैसे तिकडेच राहिले. त्या हंगामाचा पगार, साठलेली ग्रॅच्युइटी, ओव्हरटाइम. इकडे आल्यावर एका साहेबांनी तक्ता भरून घेतला आणि म्हणाले, “काका, तिकडे सगळा अरबांचा पैसा आहे, बुडणार नाही. थोडा वेळ लागेल.” त्या वाक्यावर मी घर चालवलं. बायकोच्या पाटल्या-बिलवर पतसंस्थेत गेले, ते याच वाक्यावर. थोरलीचं लग्न पुढे ढकललं ते याच वाक्यावर. आणि आता नस्तीबद्ध.

तरीही मी गप्प बसलो असतो. पण १९ जानेवारीला अमिरातीचे राष्ट्राध्यक्ष काही तासांसाठी दिल्लीत आले, पंतप्रधान स्वतः विमानतळावर घ्यायला गेले, आणि ‘धोरणात्मक संरक्षण भागीदारी’च्या इरादापत्रावर सह्या झाल्या. व्यापार २०३२ पर्यंत २०० अब्ज डॉलरवर न्यायचा, असंही ठरलं. टीव्हीवर मिठ्या बघितल्या. साहेब, अशा मिठ्या मी सुदानच्या टीव्हीवरही बघितल्यात. तेव्हा मिठीत सुदानचा राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर होता.

आमच्याकडे दसरा आला की ऊसतोडीचा मुकादम कारखान्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतो, बीडकडच्या नवरा-बायकोच्या जोड्यांना वाटतो, आणि टोळी ट्रकमध्ये घालून उसाच्या फडावर आणतो. हिशेब कारखान्याचा, कमिशन मुकादमाचं. कोयता चालवताना माणूस आजारी पडला, मेला, तरी उचल फिटलेली नसते, ती घरच्यांच्या डोक्यावर बसते. २०१५ मध्ये सुदानचं हेच झालं. मार्चमध्ये सौदी आणि अमिरातीने येमेनवर हल्ले सुरू केले. विमानं त्यांच्याकडे होती, जमिनीवर मरायला माणसं नव्हती. सौदीने सुदानच्या मध्यवर्ती बँकेत १ अब्ज डॉलर ठेवले आणि ऑक्टोबरमध्ये सुदानी सैनिक एडनला उतरले. जानेवारी २०१६ मध्ये सुदानने इराणशी संबंधही तोडून दिले. बशीर मुकादम झाला. पुढे त्याच्यावर खटला चालला, तेव्हा तपास अधिकाऱ्याने कोर्टात सांगितलं की सौदी राजघराण्याकडून ९ कोटी डॉलर घेतल्याचं बशीरने कबूल केलंय. इतकं कमिशन आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही मुकादमाने सात जन्मांत बघितलं नसेल.

टोळी कुठली होती, तेही मला माहीत आहे. सुदानमध्ये ऊस तोडायला दारफुर आणि कुर्दुफानकडून पोरं यायची. आधी उभा ऊस पेटवतात, मग तोडतात. पोरं काजळीने माखलेली असायची. एका हंगामात त्यातली ओळखीची तोंडं दिसेनात. विचारलं तर फोरमन म्हणाला, येमेनला गेली, तिकडे पैसे जास्त आहेत. आरएसएफवाले भरती करत होते. किती गेली? कुणी दहा हजार म्हणतं, कुणी चौदा, सुदानचे तेव्हाचे पंतप्रधान हमदोक यांनी २०१९ च्या अखेरीस सांगितलं की पंधरा हजारांचे पाच हजार केलेत. परत आलेल्यांनी एका अमेरिकन वर्तमानपत्राला सांगितलं की सौदी अधिकारी मागे सुरक्षित राहून रेडिओवरून हुकूम द्यायचे, पुढे हे. त्यात चौदा-पंधरा वर्षांची पोरंही होती म्हणतात. आमच्या फडावर त्या वयाची पोरं मी बघितलीत, त्यामुळे मला ते खोटं वाटत नाही.

बदल्यात काय मिळालं? डिसेंबर २०१८ मध्ये सुदानच्या अतबरा शहरात पावाची किंमत तिप्पट झाली आणि लोक रस्त्यावर आले. बशीर मदत मागत फिरला. ज्यांच्यासाठी पोरं मारली, त्यांनी त्याला वाचवलं नाही. एप्रिल २०१९ मध्ये तो पडला, आणि मग लगेच ३ अब्ज डॉलरची घोषणा झाली, नव्या मुकादमांसाठी. नवे कोण? सैन्याचा बुरहान आणि आरएसएफचा हेमेदती. बुरहान येमेनमधल्या सुदानी फौजेचं काम बघायचा, हेमेदती पोरं पुरवायचा. दोघेही त्याच उचलीवर मोठे झाले. आणि चार वर्षांनी दोघांनी मिळून माझा कारखाना, माझी खोली, माझा पगार आणि एक अख्खा देश बुडवला. सव्वा कोटी माणसं घरातून उठली. मेले किती याचा हिशेब कुणी ठेवलेलाच नाही.

मधे जानेवारी २०२० मध्ये एक प्रकार झाला, तो आपल्या वाचण्यातून सुटला असेल. अमिरातीतल्या एका कंपनीने सुदानी पोरांना सिक्युरिटी गार्डची नोकरी म्हणून नेलं, शस्त्रांचं शिक्षण दिलं आणि लिबियात तेलाच्या बंदरावर नेऊन उभं केलं. खार्तुममध्ये अमिरातीच्या दूतावासासमोर आयाबाया येऊन बसल्या, तेव्हा पोरं परत आली. गार्डच्या नोकरीची तसली जाहिरात आमच्या इस्लामपूरच्या (आता ईश्वरपूर म्हणायचं) एसटी स्टँडवर आजही चिकटवलेली आहे. लिबिया त्यावर लिहिलेलं नसतं.

शेजाऱ्याचं कौतुक करायची ही जागा नव्हे, पण पाकिस्तानच्या संसदेने १० एप्रिल २०१५ ला ठराव करून येमेनच्या युद्धात पडायला नकार दिला होता. अमिरातीचे मंत्री तेव्हा भडकले. २०२० मध्ये सौदीने दिलेल्या ३ अब्जांतला १ अब्ज मुदतीआधी परत मागितला, पाकिस्तानने तो चीनकडून घेऊन फेडला, लष्करप्रमुख धावत रियाधला गेले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच पाकिस्तानने सौदीशी करार केला, एकावर हल्ला तो दोघांवर हल्ला. म्हणजे नाही म्हणणाऱ्यालाही शेवटी फडावर आणलंच. त्या कराराचे परिणाम आम्ही तपासू, असं आपल्या खात्याने सांगितलं होतं. तपासून झालं का? कारण पाठोपाठ आपणही अबूधाबीशी सह्या करून मोकळे झालात. आणि गंमत बघा, आता सौदी-अमिरातीचंही आपसात फाटलंय. ३० डिसेंबरला सौदी विमानांनी येमेनच्या मुकल्ला बंदरावर अमिरातीहून आलेल्या मालावर बाँब टाकले. दोघेही आपले मित्र. मग आपण कुणाचे?

आता सुदानमध्ये सौदी बुरहानच्या बाजूला, आणि अमिराती आरएसएफला शस्त्रं देते असा आरोप. अमिराती नाकारते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी जानेवारी २०२४ च्या अहवालात चाडमधल्या अमजरासच्या विमानतळावरून शस्त्रं जात असल्याची माहिती विश्वासार्ह ठरवली, तरी नाकारते. सुदान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मे २०२५ मध्ये न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्रच नाही म्हणून दावा काढून टाकला. खरं-खोटं तपासलंच गेलं नाही. माझ्या अर्जासारखंच, नस्तीबद्ध. २६ ऑक्टोबरला दारफुरमधलं एल फाशेर शहर आरएसएफच्या हाती पडलं. तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात ४६० हून जास्त माणसं मारल्याच्या बातम्या जागतिक आरोग्य संघटनेने सांगितल्या. ज्यांच्या बाजूने येमेनमध्ये लढले, त्यांच्याच नावाचं हॉस्पिटल.

त्याच दिवसांत ओडिशाच्या एका कामगाराचा आरएसएफच्या ताब्यातला व्हिडिओ आला. हात जोडून बसलेला. तो मी असू शकलो असतो. तुमच्या खात्याच्या निवेदनांत मी अमिरातीचं नाव शोधतो. सापडत नाही. सापडणार कसं, तिकडे आपली माणसं पस्तीस लाख की त्रेचाळीस लाख, दरवेळी नवा आकडा वाचतो, आणि त्यांच्या पगारावर केरळपासून आमच्या शिराळ्यापर्यंत चुली पेटतात. मला हे कळतं, मी काही खुळा नाही. पण मग सरळ सांगा की आमचीही उचल घेऊन झालीय.

माझं सांगायचं तर, माझं वय आता एकोणसाठ. गुडघे पॅनच्या जिन्यावर गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुदानी पौंड एका रात्रीत डॉलरला ५५ वरून ३७५ वर गेला, तेव्हाच माझा अर्धा पगार मेला होता, उरलेला लढाईत. मी दहावी पास, म्हणून माझ्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (काही देशांत कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी लागते) हा शिक्का नाही. सुदान तुमच्या त्या अठरा देशांच्या यादीत आहे, पण शिक्का नसलेल्या माणसाची नोंद सरकारदरबारी होतेच असं नाही. प्रवासी भारतीय विमा योजना आहे, १० लाखांची, ती मेल्यावर किंवा कायमचं अपंगत्व आल्यावर. मी जिवंत परत आलो हीच माझी अडचण झालीय.

पोर्टलवर तक्रार करा म्हणतात. पोर्टल कंपनीचा ईमेल विचारतं. ज्या गावात वर्षभर वीज नाही तिथला ईमेल! जिल्ह्याला गेलो तर म्हणाले मुंबईला जा, मुंबईत म्हणाले दिल्लीला लिहा, दिल्लीने जिल्ह्याला कळवलं. एका पुढाऱ्यांच्या बंगल्यावर गेलो, त्यांच्या पीएने विचारलं, “काका, मतदान कुठल्या बूथला आहे?”

मागण्या मोठ्या नाहीत. परदेशातून जीव घेऊन परतलेल्या प्रत्येकाच्या थकबाकीची नोंद करा, शिक्का असो वा नसो, आणि ती नोंद कंपनी बंद पडली म्हणून बंद करू नका. आखाती सरकारांशी संरक्षणाचा कुठलाही अंतिम करार होईल, तो आधी संसदेत ठेवा. आमची पोरं, आमची बंदरं, आमच्या गोद्या यांतलं काय कशासाठी देणार हे त्यात लिहिलेलं आम्हाला वाचायचंय. आणि त्याच टेबलावर मजुरांचा पगार घ्या. तेल, वायू, ड्रोन सगळ्याला कलम असतं, फक्त घामाला नसतं.

आमचे कारखानदार तरी काय वेगळे? सुदानमधून आल्यावर मी इथल्या एका कारखान्यात हंगामी लागलो. तिथेही पगार थकलेला. चेअरमनसाहेब वार्षिक सभेत म्हणाले, कारखाना आपला आहे, थोडं सोसा. सभेनंतर जेवण होतं. दिल्ली असो, अबूधाबी असो की आमची कार्यकारी मंडळी, सोसायचं कुणी हे आधी ठरलेलं असतं, मग सभा भरते. पंचवीस-तीस वर्षं मी यांच्या साखरेचा दाणा धरला. कारखान्यात चोरी झाली की आधी मजुराचा डबा तपासतात, बॅलन्सशीट कुणी तपासत नाही.

उत्तर आलं तर मराठीत पाठवा. इंग्रजी पत्र वाचून दाखवायला ज्याच्याकडे जातो, तोच माणूस गार्डच्या जाहिराती चिकटवतो.

आपला,
सुदानहून परतलेला एक पॅनमन
ता. वाळवा, जि. सांगली

ता.क. या पत्राची प्रत आमच्या भागातल्या एकाही पुढाऱ्याला पाठवलेली नाही. त्यांच्याकडे थकबाकीचे अर्ज आधीच भरपूर पडलेत.